सहा आठवड्यांचं हाड

रामकिशनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका माणसाचा खांदा उखडत होता.

लातूरमधली आमची क्लासची गल्ली, दुपारचे बारा. समोरच्या क्लासचा एक माणूस शिडी लावून आमच्या फ्लेक्सवर स्वतःचा फ्लेक्स ठोकत होता. रामकिशननं शिवी दिली नाही, शिडीही ओढली नाही. खाली ये म्हणाला. तो येईना, तेव्हा दोन पायऱ्या चढून त्याचा हात धरला आणि पिळत पिळत खाली आणला. जाड कापड फाटावं तसा आवाज आला. माणूस रस्त्यावर गुडघ्यांवर पडला आणि त्याचा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबायला लागला. तो गुरासारखा ओरडत होता. वर दुसऱ्या मजल्यावर केमिस्ट्री चालू होती; ती थांबली नाही.

मग रामकिशननं चप्पल काढली, त्याच्या काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि भरलेली बादली विहिरीतून ओढावी तसं सावकाश ओढलं. दुसरा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. ओरडणं थांबलं.

"बसला," रामकिशन म्हणाला. "पंधरा दिस वजन उचलू नको. फ्लेक्स तर अजिबात न्हाई."

माझं काम त्याच क्लासमध्ये, पण वर, पंख्याखाली. मी मुनीब, समुपदेशक. दहावी झालेल्या पोरांची कल चाचणी घ्यायची, साठ प्रश्न, पाऊण तास, आणि कोणाला कोणतं क्षेत्र मानवेल ते बापाला सांगायचं. बाप जीप भरून गावाकडून आलेला असतो आणि त्याला एकच शब्द ऐकायचा असतो. मी तो सांगतो: मेडिकल. मालक श्रीमंत सरांनी मला ठेवलंय त्यासाठीच. पण नांदेडला माझे अब्बा निजामोद्दीन शिंपीकाम करायचे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच, टेप न लावता, त्याची छाती-कंबर सांगायचे. ती खोड माझ्यात उतरली. म्हणून मी एक दुसरी वही ठेवतो. छापील अहवालात मेडिकल, वहीत खरं. 'मुरुडची साक्षी, आकडे कच्चे, भांडण पक्कं, वकील.' 'किनवटचा पोरगा, पुस्तक उघडत नाही, पंखा उघडतो, याच्या हातात पान्हा द्या.' श्रीमंत सरांच्या नावापुढे लिहिलंय, 'शिकवणं कधीच सुटलं, आता विषय एकच, माणसं.' त्या दुपारी रामकिशनच्या नावापुढे लिहिलं, 'गडी चुकीच्या खात्यावर पडलेला आहे.' बरोबर खातं कोणतं, ती जागा रिकामी सोडली.

तो मूळचा औश्याकडच्या एका खेड्यातला, गवंड्याच्या हाताखाली दगड घडवणारा. भूकंपानं गाव बसलं तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद; तेच माळवद लोकांच्या छातीवर बसलं. त्यानं आईला काढलं, ती गेलेली. भावाला काढलं, तोही. बायकोला, कस्तुराबाईला काढलं, ती जिवंत, पण तिच्या डाव्या पायाचं पाऊल मागं वळलेलं. तंबूत एक लष्कराचा डॉक्टर होता आणि जखमींना धरायला त्याच्याकडं माणूस कमी होता. अकरा दिवस रामकिशन धरत राहिला. इथं ओढ, इथं दाब, आता सोड. डॉक्टरची भाषा त्याला कळायची नाही, हात कळायचे. चौथ्या दिवसापासून डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे जायचा आणि हा एकटाच बसवायचा. कस्तुराबाई आज बाजाराला चालत जाते आणि लंगडत नाही.

पुढं एका कंत्राटदारानं तडे गेलेली घरं पाडायला नेलं. पाडणारा म्हणून नाव झालं. त्या नावावर लातुरात क्लासच्या इमारतीवर काम मिळालं. इमारत झाल्यावर तिची राखण. राखणदाराला होस्टेलच्या भिंतीवरून उड्या मारणारी पोरं बडवायला सांगितलं, आणि पोरांवरून मग समोरच्या क्लासची माणसं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला इतकी चिकटून की चढतोय की उतरतोय ते कळू नये. आम्ही समुपदेशक याला करिअर म्हणतो.

श्रीमंत सर त्याच्यावर खूश होते ते ताकदीसाठी नव्हे. ताकदीची माणसं पानटपरीवर उभी असतात. पण ती एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. रामकिशन सांगाल तेवढंच मोडायचा. आठ दिवसांचं म्हटलं की आठ दिवसांचं, महिन्याचं म्हटलं की महिन्याचं. 'मला मर्डर नको, मला सीझन पाहिजे,' असं सर कौतुकानं सांगायचे, आपला शिंपी किती नेमका कापतो हे सांगावं तसं.

मे महिन्यात एका दुपारी रामकिशन माझ्या खोलीत आला. बसा म्हटलं तरी बसेना. खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत मदतनीस पाहिजे होते. भूकंपग्रस्तांसाठी एक जागा राखीव, वयाची अट पंचेचाळीस. त्याच्याकडं भूकंपग्रस्ताचा दाखला वीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता आणि दिवाळीला त्याला पंचेचाळिसावं संपत होतं. पुन्हा जागा निघेल तेव्हा तो वयात बसत नव्हता.

"कस्तुरा म्हनती, सरांना इचारा. सर कुनाला काय जमंल ते सांगत्यात."

मी चेष्टेनं कल चाचणीचा कागद पुढं सरकवला. चौथीत शाळा सुटलेली. मी प्रश्न वाचत गेलो, तो उत्तरं देत गेला. तुम्हाला गटात काम करायला आवडतं की एकट्याने? धरायला एक मानूस लागतोच. दबावाखाली तुम्ही शांत राहता का? कुनाच्या दबावाखाली, माळवदाच्या? साठ प्रश्न संपले तेव्हा माझी चेष्टा संपलेली होती. तीन वर्षांत मी दोनेक हजार पोरं तपासली असतील. एका माणसाचं काम इतकं सरळ समोर ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"रामकिशनभाऊ, ही जागा तुमचीच आहे," मी म्हणालो. "फक्त अनुभवाचा दाखला लागेल. आणि पोलिसात नाव नको."

"नाव न्हाई. आजवर."

अर्ज गेला, मुलाखतीचं पत्र आलं, आणि तिथं दाखवायचा दाखला मी लिहून दिला. सदर इसम आमच्या वसतिगृहात बारा वर्षे असून विद्यार्थ्यांच्या दुखापतींवर प्रथमोपचार करण्याचा त्यास अनुभव आहे. खोटं एक अक्षर नव्हतं. त्यातल्या निम्म्या दुखापती त्यानंच केलेल्या होत्या, ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. खाली श्रीमंत सरांची सही तेवढी बाकी होती. सरांनी कागद वाचला, हसले, आणि टेबलाच्या खणात ठेवला. एक काम कर, मग घेऊन जा, म्हणाले.

काम होतं वीरभद्र सरांचं.

वीरभद्र सर आमचे फिजिक्सचे. उदगीरकडचे, वय पस्तीस. फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचे आणि पोरं परकार लावून बघायची. आमच्या निम्म्या जागा त्या वर्तुळावर भरायच्या. ते क्लास सोडून दोन गल्ल्यांपलीकडे स्वतःचा काढत होते. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की सहा आठवडे डेमो लेक्चरं चालतात. ज्याच्या डेमोला पोरं, त्याच्याकडं वर्षाच्या जागा. सातव्या आठवड्यात देव येऊन शिकवायला लागला तरी बाकं रिकामी. म्हणून सरांनी रामकिशनला मोजून सांगितलं, लिहायचा हात, सहा आठवडे.

हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते मेसमध्ये कळलं. आमच्याकडं शिक्षक आणि पोरं एकाच पंगतीला बसतात. एरवी रामकिशन स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानं जेवायचा. ते तीन दिवस तो वीरभद्र सरांच्या समोर मांडी घालून बसला. त्याची नजर ताटावर नव्हती. सरांचं मनगट भाकरी मोडताना कसं वळतं, वरण भुरकताना कोपर कुठवर येतं, बोटं कशी मिटतात, ते तो बघत होता. अब्बा गिऱ्हाईकाकडं असंच बघायचे.

तिसऱ्या दिवशी हात धुताना तो माझ्याशेजारी आला. "वीरभद्र सरांचा उजवा हात लई सरळ हाय," म्हणाला. "बोटं बघा, पोरीसारखी."

तो लिहायचा हात विचारत होता, आणि वीरभद्र सर डावखुरे होते. हे मला माहीत होतं, फळ्यासमोर बसलेल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पण रामकिशन बारा वर्षांत एकदाही वर्गात शिरला नव्हता; राखणदारानं तास चालू असताना आत यायचं नाही हा नियम, आणि फळा दिसला की त्याला अजून घाम यायचा. बाहेर सर सगळं उजव्यानं करायचे. डाव्या हाताचा घास म्हणजे अन्नाचा अपमान, म्हणून त्यांची आई लक्ष्मम्मा पोर सात वर्षांचं होईपर्यंत जेवताना त्याचं डावं मनगट आपल्या पदराला बांधून ठेवायची. हे त्यांनी मला स्वतः हसत सांगितलं होतं. चहा उजव्यानं, बाजाराची पिशवी उजव्यानं, पोराच्या पाठीवर थाप उजव्यानं. डावा फक्त खडूचा.

मी दोन गोष्टी करू शकत होतो. वीरभद्र सरांना सांगू शकत होतो, लातूर सोडा. किंवा रामकिशनला सांगू शकत होतो, हे करू नका. पहिलीनं माझी नोकरी गेली असती, दुसरीनं त्याची जागा. आणि मी मनात असाही हिशेब मांडला की उजवा गेला तर खडूचा हात वाचतो, म्हणजे मी वीरभद्र सरांचं भलंच करतोय. हिशेब जमतोय असं वाटलं.

"हो," मी म्हणालो. "सरळ आहे."

निकालानंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनला, वीरभद्र सर आपल्या नव्या हॉलमध्ये प्लास्टर वाळलं का ते बघत उभे होते. गवंडी जेवायला गेले होते. टॉवेलानं तोंड बांधलेला माणूस आत आला आणि त्यानं एक शब्द न बोलता सरांना मागून गुडघ्यात लाथ घातली. सर तोंडावर आपटले, ओठ फाटला, एक दात विटांच्या चुऱ्यात पडला. त्यांनी उठायला बघितलं तेव्हा त्यानं पाठीवर गुडघा ठेवला. उजवा हात ओढून दोन विटांच्या थप्प्यांवर आडवा टाकला, मनगटापासून चार बोटं मोजली. सर ती बोटं मोजलेली विसरत नाहीत. मारण्यापेक्षा ते मोजणं वाईट होतं, असं ते मला अजून सांगतात. मग लोखंडी पाइपचा एकच फटका. दुसरा नाही. हाडं आत सरकली आणि हात मधूनच वाकला, जिथं माणसाचा हात वाकत नाही तिथं. सरांना उलटी झाली. त्यांना कुशीवर करून तोंड मोकळं ठेवलं त्या माणसानंच. वाकलेला हात सरळ करून छातीवर ठेवला आणि सरांच्याच पंच्याची झोळी करून गळ्यात बांधली. मग गेला.

हात मोडून झोळी बांधून जाणारा माणूस लातुरात एकच होता. वीरभद्र सरांना ते तिथंच कळलं. तरी ते पोलिसात गेले नाहीत. पायरी घसरली, म्हणाले. ज्या क्लासच्या दारात पोलिस, त्या क्लासमध्ये मुरुडचा बाप पोरगी ठेवत नाही. सर शिक्षक असले तरी धंदा त्यांना कळत होता.

तिसऱ्या दिवशी त्यांचा डेमो होता. रद्द होणार म्हणून श्रीमंत सरांनी आदल्या दिवशीच पेढे मागवले होते.

डेमो झाला. सुजलेला ओठ, गळ्यात अडकवलेला पांढरा हात, आणि डाव्या हातात खडू. आधी त्यांनी वर्तुळ काढलं. काही बोलायच्या आधी हॉलमधल्या आया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या; हात मोडला तरी आमच्या पोरांसाठी डाव्या हातानं लिहितोय, असं त्यांना वाटलं. सरांनी ते दुरुस्त केलं नाही. संध्याकाळपर्यंत सातशे पोरांची नावं नोंदली गेली. त्यांत दोनशे आमची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीमंत सरांनी रामकिशनला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी गळालेल्या पोरांची यादी घेऊन तिथंच होतो. सर मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांनी उठून रामकिशनच्या कानाखाली वाजवली, मग उलट्या हातानं दुसऱ्या बाजूला. अंगठीनं गाल फाटला. रामकिशन हलला नाही. त्यानं मनात आणलं असतं तर सरांची मान त्याच्या तळहातात मावली असती. सर खुर्चीत परत बसले, रुमालानं अंगठी पुसली.

"आता डावा," ते म्हणाले. "आणि चार बोटं मोजत बसू नको. बोटांचे सांधे ठेचायचे, एकूणएक. खडू तर सोड, त्याला जानवं धरता आलं नाही पाहिजे."

सरांचं हेही चुकलं; वीरभद्र सर लिंगायत, जानवं नाही, गळ्यात लिंग घालायचे. पण ती दुरुस्ती करायची वेळ नव्हती.

"सर, त्ये हाड बसत न्हाई," रामकिशन म्हणाला. "ठेचलेलं परत होत न्हाई."

"म्हणूनच सांगतोय." सरांनी खण उघडला, माझ्या अक्षरातला दाखला काढून टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवला. "परवापर्यंत. नाहीतर पायरी कशी घसरली ते मीच ठाण्यात सांगतो. झोळीसकट."

त्या दिवशी चारच्या सुमाराला रामकिशन माझ्या खोलीत आला. या वेळी बसला. गालावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. बराच वेळ तो भिंतीवरचा मानवी सांगाड्याचा तक्ता बघत होता. पोरांसाठी लावलेला, मेडिकलची भूक लागावी म्हणून.

"तुमाला ठाऊक हुतं," तो म्हणाला.

मी समोरची वही मिटली.

"म्या म्हनलं, हात सरळ हाय. तुमी म्हनलात, हो."

"मला वाटलं त्यांचा लिहायचा हात वाचेल."

"वाचला की." तो हसला नाही. "हात म्या मोडला, कोनता त्यो तुमी निवडला. मला निदान त्येचं काम सांगितलं हुतं."

माझ्या वहीत अशा वाक्यासाठी जागा नव्हती. मी कॅलेंडरकडं बघत राहिलो. त्यानंही माझ्या नजरेमागं कॅलेंडरकडं पाहिलं आणि आज कोणती तारीख ते विचारलं. अठरा जून. सहा आठवडे कधी भरतात? मी मोजून सांगितलं, तीस जुलै. मुलाखतीचं पत्र काय म्हणतं? चौदा ऑगस्ट. म्हणजे वर पंधरा दिस राहत्यात, तो म्हणाला, हात मोकळा व्हायला पुरत्यात. मला वाटलं तो वीरभद्र सरांच्या हाताचं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं श्रीमंत सरांना निरोप दिला की केबिनशेजारच्या रिकाम्या वर्गात या, काम कसं करनार ते दाखवतो, चूक नको. मलाही बोलावलं. पलीकडच्या वर्गात पन्नास पोरं एका सुरात व्हॅलन्सी पाठ म्हणत होती. बारा वर्षांत रामकिशन पहिल्यांदा वर्गात उभा होता. फळ्याकडं पाठ करून.

त्यानं दोन बाकं वीतभर अंतरावर सरकवली. त्यांच्यामधल्या फटीवर स्वतःचा उजवा हात आडवा ठेवला, तळवा वर. डाव्या हातानं चार बोटं मोजली आणि तिथं बॉलपेननं रेघ मारली. पाइप बाकाखाली आधीच ठेवलेला होता.

"मुनीब सर, कोपर धरा."

"रामकिशनभाऊ, नको."

"हलू देऊ नका. हललं तर सांध्यात जातं, मंग कायमचं." आणि मी जागचा हलेना तेव्हा, हळू आवाजात, "त्या दिवशी कसं गप ऱ्हायलात, तसंच गप धरा."

मी धरलं. कोपराच्या आतली शीर माझ्या अंगठ्याखाली उडत होती. श्रीमंत सर दारात उभे होते आणि त्यांना अजून कळलं नव्हतं. काहीतरी प्रात्यक्षिक आहे अशा चेहऱ्यानं ते बघत होते. रामकिशननं पाइप डाव्या हातात दोनदा उचलून वजन घेतलं. मग मारला.

असला आवाज मी शिडीच्या त्या दुपारी दोनदा ऐकलेला होता, पण हातात ऐकला नव्हता. तो माझ्या तळहातांतून दंडापर्यंत चढला. रेघेवर हात खाली खचला, वळ पांढरा पडला आणि बघता बघता निळा झाला. रामकिशनच्या तोंडून श्वासाशिवाय काही आलं नाही. पण तो हाताला लोंबकळल्यासारखा खाली बसला. खालचा ओठ त्यानं चावला होता. हनुवटीवरून रक्त बाकावर ठिबकत होतं. शेजारी व्हॅलन्सी चालूच होती. सोडियम एक, कॅल्शियम दोन.

"कोपर सोडू नका," तो म्हणाला. "आजून बसवायचं हाय."

टॉवेलानं त्यानं आपली बोटं बाकाच्या लोखंडी पायाला बांधली, दात आणि डाव्या हातानं गाठ मारली, आणि मला माझ्याकडं ओढायला लावून स्वतः मागं रेलला. या वेळी तो ओरडला. एकदाच, लांब, आणि पलीकडचा वर्ग गप्प झाला. डाव्या अंगठ्यानं तो हाडाची कड चाचपत होता, डोळे मिटून, अंधारात वाट शोधावी तसा. काहीतरी जागेवर गेलं. फळ्याच्या कठड्यावरच्या दोन लाकडी फूटपट्ट्या मी दिल्या. त्यानं त्या दोन्ही बाजूंनी लावल्या आणि टॉवेल गुंडाळला.

श्रीमंत सर भिंतीला टेकले होते. त्यांचा रंग उडाला होता. माणसं हाताळण्याच्या विषयात त्यांना हा धडा नव्हता.

"सहा आठवडे माझ्याकडनं काम हुत न्हाई," रामकिशन जमिनीवर बसूनच म्हणाला. "तवर तुमचा सीझन बी सरंल. दुसरं कुनी धाडा. त्येला थांबता येत न्हाई, मानूस मरंल. मंग मी ठान्यात जातो, झोळीसकट, आन् कुनी सांगितलं त्ये बी सांगतो."

सर काहीतरी बोलायला गेले. बारकी नोकरी, एवढ्याशा कागदासाठी, असलं काहीतरी.

"सही करा," रामकिशन म्हणाला. "तुमचा हात चांगला हाय आजून."

सरांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. मी ते बघितलंय. माणूस आपला हात इतका निरखून वर्षानुवर्षं बघत नाही. मग केबिनमध्ये गेले, सही केली, आणि कागद मला आणून द्यायला शिपायाला पाठवलं. स्वतः आले नाहीत.

वीरभद्र सरांच्या डाव्या हाताला कुणी लागलं नाही. दिवाळीपर्यंत त्यांची आणि श्रीमंत सरांची भागीदारी झाली. दोघांचे चेहरे एकाच फ्लेक्सवर आले, गालाला गाल लावून, आणि खाली लिहिलं होतं, विश्वासाचं नातं. तो फ्लेक्स लावायला शिडीवर कोण चढलं ते मी पाहिलं नाही. मी त्याआधीच राजीनाम्याची चिठ्ठी देऊन नांदेडला परत आलो होतो.

मुलाखतीचं मला रामकिशननंच सांगितलं. तीन डॉक्टर बसले होते. मोठ्या डॉक्टरनं दाखला वाचून बाजूला ठेवला आणि याच्या मनगटाकडं बघितलं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला हात बारीक दिसतोच. दाबून बघितला, वळवून बघितला, हाडावरून अंगठा फिरवला. कुणी बसवला, विचारलं. मीच, हा म्हणाला. डॉक्टर हसले, आणि मोडला कुणी? त्ये बी मीच, हा म्हणाला. डॉक्टर हसायचे थांबले. मग त्यांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला, शेजारच्या वॉर्डातून नुकताच पडून हात मोडलेला एक माणूस आणवला आणि म्हणाले, बसवून दाखव.

गेल्या महिन्यात माझी मुलगी अर्शी सायकलवरून पडली. मी तिला घेऊन त्या दवाखान्यात गेलो. दुसरा दवाखाना जवळ होता, तरी गेलो. प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर वीसेक माणसं होती. आत रामकिशन पांढऱ्या डगल्यात, कोपरापर्यंत प्लास्टरनं माखलेला. मला पाहून मान हलवली, फार नाही. अर्शी रडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, सुजलेल्या हाताला बोट लावलं नाही.

"बाई," त्यानं विचारलं, "तू लिहितीस कोनत्या हातानं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"त्येंच्याकडं बघू नको," रामकिशन म्हणाला. "तू सांग."